आधी चित्रातली सेन, मग खरी: ओर्से म्युझियम आणि बोटीची फेरी एका संध्याकाळी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मे महिन्याच्या मध्याला चौघं जण स्वित्झर्लंडहून ट्रेननं पॅरिसला येणार: प्रश्न विचारणाऱ्या ताई, त्यांचे सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आणि बारा वर्षांची मुलगी. बुधवारी रात्री पोचणार, शनिवारी सकाळी विमान. ऑनलाइन ‘म्युझियम अधिक रिव्हर क्रूझ’ असं एकत्र तिकीट दिसतंय. गाइड नको आहे, स्वतःच बघायचंय. कुठलं म्युझियम घ्यावं, आधी म्युझियम की आधी बोट, आईच्या गुडघ्यांना झेपेल का, आणि ते एकत्र तिकीट घ्यावं की वेगवेगळं?

मी बावीस वर्षं टूर मॅनेजर म्हणून मराठी मंडळींना युरोपात फिरवलं. पॅरिस किती वेळा झालं ते मोजायचं कधीच सोडलं. आता ग्रुप नेत नाही, पण असे प्रश्न येतात आणि उत्तर द्यायला आवडतं. आधी निकाल सांगतो: म्युझियम ओर्से, दिवस गुरुवार, वेळ संध्याकाळची, आधी म्युझियम आणि मग बोट. तिकिटं वेगवेगळी काढा.

लूव्र का नाही, हा प्रश्न घरातून येणारच. ‘पॅरिसला जाऊन मोनालिसा नाही पाहिली?’ असं कुणीतरी बोलणार. लूव्र थोर आहे, पण त्याला अर्धा दिवस दिला तरी ते हाताला लागत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या दालनांतून चालवणं म्हणजे तुळशीबागेतून दिवाळीच्या आदल्या दिवशी वाट काढण्यासारखं. हट्ट असेलच तर शुक्रवारी जा, पण त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. आणि नदीशी जोडी लावायची असेल तर ओर्सेला तोड नाही. एक तर ते अगदी काठावर आहे. दुसरं, आणि माझ्या लेखी मोठं कारण: तिथल्या सगळ्यात गाजलेल्या चित्रांपैकी कितीतरी याच नदीच्या काठावर, काही तर या नदीतल्या बोटीत बसून काढलेली आहेत. (आपण तिला सीन म्हणतो, फ्रेंच लोक ‘सेन’ म्हणतात. टॅक्सीवाल्याशी बोलताना दुसरा उच्चार उपयोगी पडतो.)

ओर्सेची इमारत मुळात रेल्वे स्टेशन. 1900 सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी व्हिक्टर लालू या वास्तुकारानं बांधलेलं, म्हणजे आपल्या व्हीटीपेक्षा बाराएक वर्षांनी धाकटं. पुढे गाड्या लांब झाल्या, प्लॅटफॉर्म अपुरे पडायला लागले आणि 1939 च्या सुमारास लांब पल्ल्याच्या गाड्या तिथून बंद झाल्या. 1986 च्या डिसेंबरमध्ये तिथे म्युझियम उघडलं. आत शिरलात की काचेची कमान आणि सोन्यासारखं चमकणारं मोठं घड्याळ दिसतं, आणि बाबांच्या तोंडून आपोआप निघतं, ‘अरे, हे तर स्टेशनच आहे.’ रेल्वेत नोकरी केलेले एक काका माझ्या ग्रुपमध्ये होते. त्यांनी पहिली वीस मिनिटं एकही चित्र पाहिलं नाही, रूळ कुठून आत येत असतील तेच ते शोधत होते. मी त्यांना हलवलं नाही.

आता वेळेचं गणित. ओर्से सोमवारी बंद असतं. एरवी सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा, आणि गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत. हा गुरुवार म्हणजे तुमच्या हातात पडलेला लाडूच आहे. सहाच्या सुमाराला आत गेलात तर सहलींच्या बसेस निघून गेलेल्या असतात, शाळांच्या रांगा नसतात, आणि संध्याकाळच्या तिकिटाचा दरही थोडा कमी असतो. मेच्या मध्याला पॅरिसमध्ये सूर्य रात्री साडेनऊच्या जरा आधी मावळतो. म्हणजे सहा ते सव्वाआठ चित्रं बघा, बाहेर या, काहीतरी खा, काठानं निघा आणि दिवेलागणीला बोटीत बसा. हे गणित मे-जूनचंच, बरं का. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांना संध्याकाळी सहालाच रात्रीची बोट मिळते. आणि 21 जूनच्या आसपास सूर्य जवळजवळ दहाला मावळतो, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही. सरळ उजेडातच फेरी करावी.

मुंबईहून थेट पॅरिसला उतरणाऱ्यांसाठी एक सूचना. उन्हाळ्यात तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. रात्री साडेनऊची बोट म्हणजे शरीराच्या हिशेबानं रात्रीचा एक. पहिल्याच दिवशी हा बेत आखलात तर आजी-आजोबा बोटीतून दिसणाऱ्या नोत्र-दाम चर्चसमोर घोरत असतात, हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय. तुम्ही आठ दिवस स्वित्झर्लंडमध्ये काढून येताय, म्हणून तुम्हाला हा बेत सांगतोय. तरी गुरुवारी दुपारी हॉटेलवर दोन तास झोप सक्तीची.

आधी बोट आणि मग म्युझियम असं का नको? कारण अगदी शारीरिक आहे. म्युझियममध्ये माणूस चालून दमत नाही, उभं राहून दमतो. दोन पावलं चाललं, थांबलं, परत दोन पावलं. कंबर आणि पोटऱ्या यातच जातात. त्यानंतर तासभर बोटीत बसून राहणं हे औषध आहे. उलट केलंत तर नदीवरचा वारा आणि ऊन खाऊन डोळे जड होतात आणि मग रनुआरच्या चित्रांसमोर जांभया येतात. दुसरं कारण जरा वेगळं. आधी चित्रं पाहिली की नदीकडे बघायची नजर बदलते. हे ऐकायला पुस्तकी वाटतं, म्हणून कसं ते सांगतो.

‘स्वतःच बघायचं’ म्हटलं की लोक दोन चुका करतात. एक, सगळं बघायचा प्रयत्न. दोन, ऑडिओगाइडचे हेडफोन घालून चौघं चार दिशांना. मी ग्रुपला एकच काम द्यायचो: ज्या चित्रात पाणी आहे ती चित्रं शोधा. बास. नर्तकी, टोपलीतली फळं, राजेरजवाडे दिसले तर दिसले, पण थांबायचं पाण्यापाशी. तुमच्या मुलीला हे काम द्या आणि तिलाच त्या संध्याकाळची गाइड करा. बारा वर्षांच्या मुलांची नजर याबाबतीत आपल्यापेक्षा तेज असते, शिवाय आजी-आजोबांना नातीमागून जायला आवडतं. ‘चल, अजून एक पुतळा’ म्हणणाऱ्या जावयामागून नाही.

आत गेल्यावर खालच्या मजल्यावर रेंगाळू नका. लिफ्टनं थेट पाचव्या मजल्यावर जा आणि वरून खाली या. पाचवा मजला इम्प्रेशनिस्टांचा, म्हणजे बदलता उजेड आणि क्षण रंगांत पकडणाऱ्या चित्रकारांचा: मोने, रनुआर, सिस्ले, देगा. पाय ताजे असताना हेच बघायचं. वर पोचलात की स्टेशनच्या जुन्या घड्याळांपैकी एक आतून दिसतं, काचेची भलीमोठी तबकडी, आणि तिच्यापलीकडे सेन, त्वीलरीची बाग, दूर टेकडीवर साक्रे-करचं चर्च. फोटोसाठी तिथे रांग असते. आधी मुलीला त्या काचेतून नदी दाखवा: थोड्या वेळानं आपण तिच्यात असणार आहोत.

नावांचा एक घोळ आधीच सोडवून घ्या. मोने वेगळा आणि माने वेगळा. माझ्या ग्रुपमधले एक माने आडनावाचे गृहस्थ प्रत्येक पाटीपाशी फोटो काढून घेत होते, त्यांना वाटलं दोन्ही आपलेच.

क्लोद मोनेचं, पॅरिसजवळच्या आर्जांतई गावच्या शर्यतीच्या होड्यांचं चित्र शोधा, 1872 च्या सुमाराचं. फार मोठं नाही. पांढऱ्या शिडांच्या होड्या, मागे हिरवा काठ, लाल छपराचं घर. आधी चार-पाच पावलांवरून बघा: होड्या आहेत, पाण्यात त्यांची प्रतिबिंबं आहेत, सगळं नीट कळतं. मग जवळ जा (हात मागे बांधून, नाहीतर तिथला रखवालदार खाकरतो). जवळून प्रतिबिंब नाहीच. पांढऱ्या, लाल, हिरव्या रंगाचे जाड आडवे फटकारे आहेत, एकमेकांना न मिसळलेले. छपराचा लाल रंग पाण्यात अख्ख्या छपरासारखा उतरत नाही, तुकड्या-तुकड्यांनी उतरतो. आता हे डोक्यात ठेवा. रात्री बोटीच्या कठड्यावरून खाली बघाल तेव्हा पुलावरच्या दिव्यांचं पाण्यात नेमकं हेच झालेलं असतं.

मोनेला हे दिसलं याचं एक कारण असं की तो पाण्याच्या पातळीवर बसून बघत होता. त्यानं एक होडी घेऊन तिच्यावर छोटी खोली बांधली होती आणि तिचाच स्टुडिओ केला होता. तुमची पर्यटक बोट काही तशी रोमँटिक नसेल, पण डोळ्यांची पातळी साधारण तीच. पुलावरून नदी पाहणं आणि नदीतून नदी पाहणं यात फार फरक आहे.

गुस्ताव्ह कायबोत हे नाव आपल्याकडे कमी माहीत, पण या बेतात तो हवाच. पैसेवाला होता, स्वतः चित्रकार होता, आणि शिडाच्या होड्यांचं त्याला वेड होतं. नुसत्या चालवायचा नाही, तर त्यांचे आराखडेही करायचा. मित्रांची चित्रं विकली जात नव्हती तेव्हा त्यानं ती विकत घेतली. 1894 मध्ये तो वारला तेव्हा सगळा संग्रह सरकारला देऊन गेला. त्यातली चाळीसच्या आसपास चित्रं सरकारनं घेतली, बाकीची नाकारली. आत्ता सांगितलेलं शर्यतीच्या होड्यांचं चित्र त्याच्याच संग्रहातलं. कायबोतचं स्वतःचं एक चित्र ओर्सेकडे नुकतंच आलं, उंच काळी हॅट घातलेला माणूस वल्हं मारतोय असं. ते घेण्यासाठी 4 कोटी 30 लाख युरो मोजले गेले. भिंतीवर असेल तर त्याच्या बरोबर समोर उभे राहा. वल्हं मारणारा इतका जवळ आहे की आपण त्याच होडीत समोरच्या फळीवर बसलोय असं वाटतं. असेल तर, असं म्हणतोय, कारण ही चित्रं परदेशी प्रदर्शनांना जात असतात. एखादं दिसलं नाही तर रुसू नका.

आता आल्फ्रेड सिस्ले. माझं सगळ्यात आवडतं, आणि बहुतेक लोक दहा सेकंदांत ओलांडून जातात ते. 1876 साली पॅरिसच्या पश्चिमेला पोर-मार्ली गावात सेनेचा पूर आला. सिस्ले जवळच राहायचा. त्यानं त्या पुराची एकामागून एक चित्रं काढली, दोन ओर्सेत आहेत. डावीकडे दारूच्या दुकानाचं फिकट पिवळं-गुलाबी घर, वर पाटी, आणि त्या घराच्या पायाशी रस्ताच नाही, पाणी. होड्यांतून माणसं. झाडं पाण्यात उभी. पण कुठेही आकांत नाही, आभाळात ढग आहेत आणि पाण्यात तेच ढग आहेत.

2019 च्या पुरानंतरच्या उन्हाळ्यात जायचं ठरलेलं, पण करोनामुळे लांबलेलं असं सांगलीचं एक जोडपं पुढे माझ्याबरोबर आलं होतं. काका या चित्रासमोर उभे राहिले ते हलेनात. मी काहीतरी माहिती सांगायला गेलो तर म्हणाले, ‘थांबा हो. हे पाणी चढतंय का उतरतंय?’ मला कधी सुचलंच नव्हतं. मग त्यांनीच दाखवलं. ‘प्रवाह दिसत नाही. पाणी बसलंय. आता उतरणार. असं बसलेलं पाणी आम्ही माडीवरून तीन दिवस बघितलंय.’ काकू हळूच म्हणाल्या, ‘दुकानदाराचा माल भिजला असेल.’ इतक्या वर्षांत त्या चित्रावर मी ऐकलेलं हे सगळ्यात चांगलं भाष्य.

तेच काका रात्री बोटीत पुन्हा खुश झाले. अल्मा पुलाच्या खांबाशी एका सैनिकाचा दगडी पुतळा आहे, त्याला झुआव म्हणतात. सेनेचं पाणी वाढलं की पॅरिसची माणसं विचारतात, झुआवच्या कुठवर आलं? पावलांपर्यंत, गुडघ्यांपर्यंत, कमरेपर्यंत. 1910 च्या महापुरात खांद्यापर्यंत आलं होतं. अधिकृत मोजमाप ऑस्टरलित्झ पुलापाशी होतं, त्या वर्षी ते 8.62 मीटर भरलं आणि तुम्ही ज्या ओर्से स्टेशनात चित्रं पाहिलीत तिथले तळातले रूळ पाण्याखाली गेले. ‘म्हणजे हा त्यांचा आयर्विन पूल,’ काका म्हणाले. सांगलीत कृष्णेचं पाणी त्या पुलापाशीच मोजतात. बरोबर.

वर व्हॅन गॉगपाशीही थांबा. त्याची दालनं अधूनमधून हलवतात, म्हणून दारातून नकाशा घ्या किंवा विचारा. ‘ऱ्होन नदीवरची तारांकित रात्र’ हे 1888 चं चित्र. नदी दुसरी, दक्षिणेतली, पण काठावरचे गॅसचे दिवे पाण्यात उभ्या पिवळ्या पट्ट्यांनी थरथरतात ते बघा. मोनेच्या पाण्यात दिवसा आडवे तुकडे, याच्या पाण्यात रात्री उभ्या पट्ट्या. मुलीला विचारा, बोटीतून दोन्हीपैकी काय दिसतंय. उत्तर मी सांगत नाही.

एवढं झालं की दोन तास भरलेले असतात. खाली उतरताना मिलेच्या सरवा वेचणाऱ्या बायका बघा, 1857 सालचं चित्र. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं तेच वर्ष. सरवा म्हणजे काय हे नातीला सांगायला आजीइतकं योग्य माणूस त्या अख्ख्या इमारतीत नसेल. पाण्याची अट इथे मोडली तरी चालेल.

एक नाजूक बाब. मानेची ‘ओलिंपिया’ आणि कुर्बेचं एक फार उघडंवाघडं चित्र इथेच आहे. तीन पिढ्या एकत्र असताना अचानक समोर आलं की बाबा खिडकीबाहेर बघायला लागतात. ओलिंपियाबद्दल मुलीशी मोकळेपणानं बोलता येतं, ती कलेच्या इतिहासातली महत्त्वाची बाई आहे. कुर्बेचं चित्र कुठे आहे ते आधी तुम्ही एकट्यानं बघून या आणि मग काय ते ठरवा.

गुडघ्यांचं: लिफ्ट आहेत, बसायला बाक आहेत, आणि क्लोकरूममध्ये विचारलंत तर चाकाची खुर्ची विनामूल्य वापरायला मिळते. आई ‘मला कशाला खुर्ची’ म्हणणारच. घ्या. नको तेव्हा रिकामी ढकलता येते, बॅगा ठेवता येतात. मोठ्या सॅक, ट्रॉली घेऊन जाऊ नका. निघायच्या आधी सगळ्यांनी बाथरूमला जाऊन या, बाहेर काठावर शोधाशोध करावी लागते. आणि बंद व्हायच्या अर्धा तास आधीपासून दालनं रिकामी करायला लागतात, म्हणून ‘शेवटी बघू’ म्हणून काही ठेवू नका.

आता तिकिटं. एकत्र तिकीट म्हणजे बहुतेक वेळा दोन वेगळ्या गोष्टींना मारलेली एक गाठ. म्युझियमचा भाग ठरावीक तारखेचा आणि वेळेचा. बोटीचा भाग सैल: अमुक महिन्यांत कुठल्याही दिवशी, कुठल्याही फेरीला. दोन्ही कंपन्यांच्या स्वतःच्या साइटवरचे दर बघून बेरीज करा. मी जेव्हा-जेव्हा केली तेव्हा फरक नगण्य निघाला, कधी एकत्र तिकीटच महाग. आणि तुमच्या बाबतीत तर सरळ नुकसान आहे: अठरा वर्षांखालच्यांना ओर्सेत प्रवेश फुकट असतो. मुलीसाठी एकत्र तिकीट काढलंत तर फुकटच्या गोष्टीचे पैसे भरलेत. तिच्या पासपोर्टची प्रत जवळ ठेवा.

शिवाय मधल्या विक्रेत्याचं व्हाउचर हे नेहमी तिकीट असतंच असं नाही. ठाण्याच्या एका कुटुंबानं असं घेतलं होतं. धक्क्यावर गेल्यावर कळलं की हे आधी विक्रेत्याच्या शहरातल्या ऑफिसात जाऊन बदलून घ्यायचं होतं, आणि ते ऑफिस संध्याकाळी सहाला बंद. बारीक अक्षरात लिहिलेलं होतं म्हणे. शेवटी पुन्हा पैसे भरून बोटीत बसले आणि तासभर कुणी कुणाशी बोललं नाही.

तेव्हा आधी ओर्सेची गुरुवार संध्याकाळची वेळ त्यांच्याच साइटवर पक्की करा. बोट त्या दिवशी धक्क्यावर गेल्यावर घेतली तरी चालते, हवा बघून ठरवता येतं. साध्या तासाभराच्या फेऱ्यांना मे महिन्यात क्वचितच नकार मिळतो.

धक्का कुठला, यावर मात्र विचार करा. ओर्सेच्या दारासमोरच बातोबूसचा थांबा आहे. ही पाण्यातली बस, चढा-उतरा पद्धतीची, माहिती सांगणारं कुणी नाही. चालणं जवळजवळ शून्य, पण ती रात्रीपर्यंत धावत नाही, म्हणून तुमच्या बेतात बसत नाही. सकाळचं म्युझियम करणाऱ्यांना उत्तम. दुसरा धक्का पोन-नफ पुलाखाली, बेटाच्या टोकाला. जागा सुरेख, बोटी लहान, गर्दी कमी, पण खाली उतरायला दगडी पायऱ्या आहेत. आईंसाठी बाद. तिसरा आयफेलच्या पायथ्याशी, आणि चौथा अल्मा पुलापाशी उत्तर काठावर, बातो-मूशच्या मोठ्या बोटींचा. तुमच्यासाठी अल्मा.

ओर्से ते अल्मा ही वाट मला त्या संध्याकाळचा तिसरा भाग वाटते. दक्षिण काठावर पाण्यालगतचा जुना गाड्यांचा रस्ता 2013 मध्ये बंद करून चालायला मोकळा केला. ओर्सेपासून अल्मा पुलापर्यंत सव्वादोन किलोमीटरच्या आसपास, सपाट, एक गाडी नाही. बाक आहेत, पोरं सायकली फिरवतात, कोपऱ्यात कुणीतरी गिटार घेऊन बसलेलं असतं. म्युझियमच्या दालनात खाता येत नाही, इथे डबा उघडा. थेपले आणि लिंबाचं लोणचं घेऊन आम्ही तिथे किती वेळा बसलोय. वाटेत तिसऱ्या अलेक्झांडरचा पूल लागतो, चारही टोकांना उंच खांबांवर सोनेरी घोडे. तोही 1900 च्या त्याच प्रदर्शनाचा, म्हणजे ओर्सेचा सख्खा भाऊ. बाबा आणि तुम्ही दोघी चाला, आई दमली असेल तर ओर्सेसमोरून टॅक्सी करून एकानं तिच्याबरोबर पुढे जावं. आरईआर सी ही लोकलही आहे, दोनच स्टेशनं, पण जिने आहेत आणि उन्हाळ्यात तिची कामं काढलेली असतात. वाटेत सह्यांचा कागद घेऊन येणाऱ्या मुली दिसल्या तर न थांबता पुढे चला, सही करेपर्यंत पर्स हलकी होते.

बोटीत वरच्या उघड्या मजल्यावर बसा. मे असला तरी स्वेटर किंवा विंडचीटर हवाच, नदीवर वारा बोचरा असतो, आईंना कानटोपी चालेल. खाली काचेत ऊब असते, पण अंधार पडला की काचेत स्वतःचाच चेहरा दिसतो आणि फोटोत ट्यूबलाइट येते. स्पीकरवर चार-पाच भाषांत एकामागून एक काहीतरी चालू असतं, आपल्याला समजेपर्यंत पूल मागे गेलेला असतो. सोडून द्या. जेवणाच्या क्रूझबद्दल विचाराल तर माझं मत वाईट आहे. शाकाहारी माणसानं त्या पैशात पॅरिसमध्ये तीन वेळा चांगलं जेवावं.

अल्माहून निघून बोट पूर्वेला, प्रवाहाविरुद्ध जाते. तेव्हा ओर्से उजव्या हाताला येतं. दोन्ही घड्याळं आता बाहेरून दिसतात आणि मुलगी ओरडते, ‘आई, आपण त्याच्यामागे होतो!’ डावीकडे लूव्रची न संपणारी भिंत. त्याच्या समोर, उजव्या हाताच्या काठावर, फ्रेंच अकादमीच्या घुमटाच्या थोडं अलीकडे, एकोल दे बोझार आहे, कलेचं जुनं महाविद्यालय. जे. जे. मधून निघालेला सय्यद हैदर रझा 1950 मध्ये इथे शिकायला आला आणि फ्रान्समध्येच आयुष्याची साठ वर्षं राहिला. मडगावचे लक्ष्मण पै त्याच काळात दहा वर्षं पॅरिसमध्ये होते. कुणीही हे स्पीकरवर सांगत नाही, म्हणून मी सांगायचो. पुढे पोन-नफ: नाव ‘नवा पूल’, वय चारशेवर, 1607 मध्ये पुरा झालेला, शहरातला सगळ्यात जुना. मग नोत्र-दाम. 2019 च्या आगीनंतर पाच वर्षांनी, डिसेंबर 2024 मध्ये ते पुन्हा उघडलं. बेटांना वळसा घालून बोट परत फिरते आणि शेवटी आयफेलकडे जाते. मनोरा अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं लुकलुकतो. बोट बरोबर त्या वेळी तिथे असेल याची हमी कुणी देत नाही, पण आलटून-पालटून निम्म्या वेळा तरी जमतं. नाहीच जमलं तर उतरल्यावर अल्मा पुलावर थांबा, तिथून मनोरा छान दिसतो.

शेवटचा धोका सांगून ठेवतो. नदीकाठचं म्युझियम आणि नदीतली बोट, दोघांचं नशीब एकाच पाण्यावर. 2016 च्या जूनमध्ये सेन 6.10 मीटरपर्यंत चढली, तेव्हा बोटी थांबल्या, कारण पुलांखालून जायला जागाच उरली नाही, आणि तळघरातल्या वस्तू वर हलवायच्या म्हणून लूव्र आणि ओर्से दोन्ही काही दिवस बंद राहिली. असं वारंवार होत नाही, पण आदल्या आठवड्यात खूप पाऊस झाला असेल तर बोट कंपनीची साइट सकाळी बघा. नुसतीच बोट रद्द झाली तर ओर्सेसमोरच्या पायी पुलावर जा, सेदार सेंगोर यांच्या नावाचा, फक्त चालणाऱ्यांसाठी, लाकडी फळ्यांचा. मधोमध बसायला बाक आहेत. दिवे लागेपर्यंत तिथे बसा, आणि मुलीला विचारायचा तो प्रश्न तिथेच विचारा.